वरच्या मजल्याचे तिकीट

मुंबई पाहावी ती पाहुण्याने. इथे जन्मलेल्या माणसाच्या वाट्याला हे शहर तुकड्यातुकड्यांनीच येते. चाळीचा जिना, स्टेशनचा पूल, ठरलेली लोकल, कचेरीची पायरी, आणि दिवेलागणीला पुन्हा तोच पूल! राजाबाई टॉवरचे घड्याळ तो रोज पाहतो. टॉवर मात्र पाहायचा राहून जातो. मग दिवाळीच्या सुटीत गावाकडची मंडळी येतात, "आम्हांला जरा मुंबई दाखवा की" म्हणतात, आणि बिचाऱ्याला कळते की दाखवायचे म्हणजे आधी आपण पाहिलेले असावे लागते.

मुंबईकराची ही अडचण एका बसगाडीने बरीच वर्षे सोडवली. तिची हकीकत सांगायची तर थोडे मागे जायला हवे.

9 मे 1874 रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक रस्ता कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीलाच. कुलाबा ते पायधुणी भाडे 3 आणे. तेव्हाचे 3 आणे म्हणजे गरिबाने दोनदा विचार करावा अशी रक्कम. पुढे ते 2 आण्यांवर आले. 7 मे 1907 रोजी विजेची ट्राम धावू लागली आणि घोड्यांना सुटी मिळाली. 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली. लोकांनी तिचे कौतुक केले, पण चढले फार थोडे. कारण उघड होते. म्युझियमपासून दादरपर्यंत ट्राम दीड आण्यात नेई. बसला त्याच अंतराचे 4 आणे पडत. कित्येक वर्षे बस ही बऱ्या घरच्या लोकांची गाडी समजली जाई. 1934 मध्ये ती शहराच्या उत्तर भागात गेली, 1937 मध्ये तिच्यावर दुसरा मजला चढला, 7 ऑगस्ट 1947 रोजी सगळा कारभार नगरपालिकेकडे आला, आणि बघता बघता साहेबांची बस आपल्या सर्वांची झाली.

दुमजली बसचा वरचा मजला हा तर मुंबईच्या पोरासोरांचा राजवाडा! सर्वांत पुढची, काचेलगतची जागा मिळावी म्हणून आम्ही भावंडे दोन-दोन बस सोडून देत असू. तिथे बसले की सबंध रस्ता आपल्या पायाखालून जातोय असे वाटे. खालच्या आणि वरच्या मजल्याचे भाडे एकच. श्रीमंतीची ही एकच उंची अशी होती, की जिच्यासाठी जास्तीचा पैसा मोजावा लागत नसे. नव्वदीच्या दशकाच्या प्रारंभी बेस्टकडे अशा सुमारे 900 गाड्या होत्या.

26 जानेवारी 1997 रोजी यांतल्याच एका जातीच्या गाडीचे वरचे छप्पर काढून तिला पर्यटकांची बस केले गेले. राज्याच्या पर्यटन महामंडळाची ही सफर 'नीलांबरी' या नावाने लोकांच्या तोंडी बसली. नाव किती समर्पक! डोक्यावर छप्पर म्हणून जे काही होते ते आकाशच.

शनिवार-रविवारच्या संध्याकाळी इमारतींवर रोषणाई असताना ती निघे. गेटवे ऑफ इंडिया, मंत्रालय, मरीन ड्राइव्ह, चर्चगेट, ओव्हल मैदान, हुतात्मा चौक, बोरीबंदर, महापालिका, हॉर्निमन सर्कल आणि पुन्हा गेटवे. मी तीन-चार वेळा तरी या सफरीला गेलो असेन, आणि दर खेपेला एक गोष्ट डोळ्यांत भरली. गाडीत परदेशी पाहुणे थोडे. गिरगाव, लालबाग, डोंबिवली, ठाण्याचेच लोक जास्त. आजोबा, सुना, नातवंडे, हातात चकलीचा डबा, असा सगळा लवाजमा. एकाने तर सांगितले, "तीस वर्षं या रस्त्यानं कामाला गेलो, पण मान वर करून आजच बघतोय."

मान वर करायला लावणारी ती उंची होती. फुटपाथवरून दिसतात दुकानांच्या पाट्या. वरच्या मजल्यावरून दिसतात दगडात कोरलेले प्राणी, पाने, चेहरे. 1888 मध्ये पूर्ण झालेले बोरीबंदर आणि त्याच्या समोरची 1893 ची महापालिका, या दोन्ही इमारतींचे शिल्पकार स्टीव्हन्स. त्या एकमेकींकडे कशा पाहतात ते तिथूनच नीट उमगते. ओव्हलच्या एका अंगाला गॉथिक मनोरे आणि दुसऱ्या अंगाला विसाव्या शतकातली गोलाईदार घरे; हा संगम 2018 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, पण नीलांबरीच्या उतारूंनी त्याला त्याआधीच दाद दिली होती.

आणि रस्त्यावरचे लोक? तीही एक मौजच. सिग्नलला गाडी थांबली की खालचे स्कूटरवाले वर बघत, वरची पोरे हात हलवीत, आणि अनोळखी माणसेही हात हलवून उत्तर देत. एरवी या शहरात कोण कोणाला हात करतो? झाडाची फांदी आली की "डोकी सांभाळा!" असा पुकारा होई आणि सगळी बस एकदम नमस्कार घातल्यासारखी वाके.

हुतात्मा चौकातली एक आठवण मात्र सांगायलाच हवी. ध्वनिवर्धकावर 1864 सालच्या फ्लोरा फाउंटनची माहिती चालू होती. माझ्या पुढच्या बाकावर एक वयोवृद्ध गृहस्थ होते. ते हळूच नातीला म्हणाले, "बाळ, 21 नोव्हेंबर 1955 ला इथं गोळ्या चालल्या. माझे वडील त्या मोर्चात होते. ते घरी आले, त्यांच्या शेजारचा नाही आला." नात गप्प झाली. आजूबाजूचे चार जणही गप्प झाले. संयुक्त महाराष्ट्रासाठी 106 जणांनी प्राण दिले हे आपण शाळेत पाठ करतो. त्या रात्री तो आकडा माणूस होऊन आमच्या बाकावर येऊन बसला. कोणत्याही लिहून दिलेल्या माहितीत हे मावले नसते.

दुसऱ्या एका शहरात एका खाजगी कंपनीच्या 'दर्शन' गाडीचा अनुभव मी घेतला आहे. एका दिवसात अकरा ठिकाणे! "दहा मिनिटं, फोटो काढा, चला." देवळात दहा मिनिटे, किल्ल्यात दहा मिनिटे, आणि साड्यांच्या दुकानात मात्र पाऊण तास. संध्याकाळी उतरलो तेव्हा बायकोच्या हातात दोन साड्या होत्या आणि डोक्यात एकही शहर नव्हते. नीलांबरी कुठे उतरवीत नसे, काही विकत नसे. म्हणूनच लोक एकमेकांशी बोलत.

2021 मध्ये बेस्टने वारसा-सफर नव्याने सुरू केली तेव्हा वरच्या मजल्याचे तिकीट 150 रुपये आणि खालचे 75 होते. इतक्या वर्षांनी उंचीला किंमत आली, पण ती चार जणांच्या घराला झेपेल अशी होती. मग गाड्यांचे आयुष्य सरले. 15 सप्टेंबर 2023 रोजी जुनी दुमजली बस फुलांनी, फुग्यांनी सजून शेवटची धावली. 5 ऑक्टोबरला उघड्या टपाच्या गाड्यांनीही निरोप घेतला. एक-दोन तरी गाड्या संग्रहालयात ठेवा, अशी मागणी लोकांनी केली. मोडीत निघालेल्या यंत्रासाठी माणसे अशी हळवी होत नाहीत. ती आपल्या बालपणासाठी होतात.

त्याच वर्षी विजेवरच्या वातानुकूलित दुमजली गाड्या आल्या. त्या देखण्या आहेत, धूर ओकीत नाहीत, आणि उकाड्याच्या या शहरात त्यांना नाव ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. पण काचेआडून शहर दिसते, ऐकू येत नाही. आणि बंद काचेला रस्त्यावरचा माणूस हात करीत नाही.

आज मुंबईत उंची पुष्कळ झाली आहे. चाळीस, पन्नास, साठ मजले! परंतु ती ज्याच्या त्याच्या दाराआड आहे. नीलांबरीची उंची जेमतेम एका मजल्याची, पण ती सर्वांची होती. एखाद्या शहराने आपल्या माणसांना काय द्यावे, याचा विचार करताना पाणी, वीज, रस्ते हे तर आलेच. त्यांच्या जोडीला, आपलेच शहर एकदा मान वर करून पाहता येईल अशी एक साधी जागाही द्यावी. तिकीट परवडणारे असावे, आणि वर आकाश मोकळे असावे.