धज्जी-देवारी: भूकंपात तगणारी ‘गोधडी’ भिंत

धज्जी-देवारी म्हणजे काश्मीरमधली लाकडी चौकटींची भिंत. चौकटीत छोटे कप्पे पाडून त्यांत दगड-विटा मातीने बसवतात. दिसायला ठिगळांची गोधडीच! हादरे बसले की लाकूड, माती, विटा एकमेकांवर घासतात आणि धक्क्याची ऊर्जा जिरते. तडा गेलाच तर बहुतेकदा कप्प्यापुरता राहतो. एक मॉड्यूल पडलं तरी अख्खं ॲप बंद पडू नये, म्हणून आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच तर करतो!

८ ऑक्टोबर २००५ च्या ७.६ तीव्रतेच्या भूकंपात अशी अनेक घरं उभी राहिली, माणसं वाचली. म्हणून मला वाटतं, ती जुनाट समजून पाडू नयेत. कुजलेलं लाकूड बदलावं, सांधे घट्ट करावेत, छत भिंतींना नीट बांधावं. मातीऐवजी सिमेंट मात्र भरू नये; भिंत ताठर होते आणि तिची लवचीकताच जाते.