पुरवठादार बदलण्याआधीची पाच वर्षं



कच्चा माल कुणाकडून घ्यायचा, हा विषय आपल्या गटाच्या बैठकीत नेहमी निघतो. मिरची एकाच व्यापाऱ्याकडून घेतली की उधारी मिळते, ओळख राहते. पण ऐन हंगामात त्याने हात वर केले की आपलं काम ठप्प. ही अडचण फक्त आपलीच नाही. ॲपल या अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीला संगणक बनवताना हेच सोसावं लागलं. आज आम्ही तिचीच हकीकत सांगणार आहोत.

संगणकात प्रोसेसर नावाची चिप असते. मोबाईलमध्येही असते. सगळा हिशेब, सगळी कामं तीच करते. पण प्रत्येक जातीच्या चिपची भाषा वेगळी. चिप बदलली की जुने प्रोग्राम तिला समजत नाहीत. म्हणून चिपवाला बदलणं हे मिरचीवाला बदलण्यापेक्षा कितीतरी अवघड.

ॲपल १९७६ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. मॅकिंटॉश हा तिचा गाजलेला संगणक १९८४ साली आला, त्यात मोटोरोला कंपनीची चिप होती. पुढे ॲपल, आयबीएम आणि मोटोरोला या तिघींनी मिळून पॉवरपीसी नावाची नवी चिप आणली. १९९४ पासून ती मॅकमध्ये बसू लागली. हा पहिला बदल.

त्या काळात इंटेल ही चिप बनवणारी कंपनी ॲपलच्या स्पर्धकांना माल पुरवत होती. इंटेलची चिप पाठीवर घेऊन सरपटणारी गोगलगायसुद्धा ॲपलने जाहिरातीत दाखवली होती!

२००३ मध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी आयबीएमच्या नव्या चिपचा संगणक आणला आणि वर्षभरात त्याचा वेग ३ गिगाहर्ट्झ करू, असा शब्द सगळ्यांसमोर दिला. वर्ष उलटलं, पण तेवढी वेगवान चिप काही मिळाली नाही. शिवाय ती चिप इतकी तापायची की मांडीवर घेऊन वापरायच्या लॅपटॉपमध्ये बसवणं जमेना. शब्द दिला ॲपलने, पण तो पाळणं होतं दुसऱ्याच्या हातात.

२००५ च्या मे महिन्यात वर्तमानपत्रात बातमी आली की ॲपल इंटेलशी बोलणी करते आहे. पुष्कळांना ती निव्वळ अफवा वाटली. जिची चेष्टा केली, तिच्याच दारी कोण जाईल? पण ६ जून २००५ रोजी जॉब्स यांनी स्वतःच ते जाहीर केलं. आणखी एक गुपितही सांगितलं. गेली पाच वर्षं ॲपल आपल्या संगणक-प्रणालीची प्रत्येक आवृत्ती इंटेलच्या चिपवरही चालेल अशी गुपचूप तयार करत होती. पॉवरपीसीशी व्यवहार चालू असतानाच दुसरी वाट मोकळी करून ठेवलेली होती.

म्हणूनच बदल झटपट झाला. इंटेलचे पहिले मॅक जानेवारी २००६ मध्ये आले आणि ऑगस्टपर्यंत सगळे मॅक बदलले. जुने प्रोग्राम चालावेत म्हणून ‘रोझेटा’ नावाचा दुभाषी प्रोग्राम दिला. पण २०११ मध्ये नव्या प्रणालीतून तो काढून टाकला. ज्यांनी जुन्या संगणकात पैसे घातले होते, ते मागे पडले. अशा बदलाची किंमत गिऱ्हाईकही मोजतं, हे विसरू नये.

तिसऱ्या वेळी ॲपल स्वतःच्या चिपकडे वळली. तयारी आधीपासूनच होती. २००८ मध्ये तिने चिपचा आराखडा करणारी एक छोटी कंपनी विकत घेतली. स्वतःची चिप आधी आयपॅड आणि फोनमध्ये वापरून पाहिली, आणि २०२० मध्ये ‘एम-१’ चिप मॅकमध्ये आणली. पण आराखडा ॲपलचा असला तरी ती चिप घडवली तैवानच्या टीएसएमसी कंपनीने. म्हणजे इतकं करूनही दुसऱ्यावरचं अवलंबून राहणं पुरतं सुटलं नाहीच.

आपल्याकडे पाच वर्षं नाहीत, मोठं भांडवलही नाही. पण जुन्या व्यापाऱ्याशी न भांडता, दुसऱ्याकडून दहा किलो मिरची आणून मसाला कसा होतो ते पाहता येतं. दुसऱ्या बाजाराचा भाव वहीत टिपून ठेवता येतो. हे काम नड आल्यावर होत नाही, सगळं सुरळीत असतानाच करावं लागतं. तेव्हा पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.