चित्राची उलटतपासणी : दिल्लीच्या इतिहास-पाठ्यपुस्तकांतील एक प्रयोग

शालेय पुस्तकातील चित्र दीर्घकाळ मजकुराचा साक्षीदार मानले गेले. कोमेनियसने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे ‘ऑर्बिस पिक्टुस’ हे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात चित्रातील वस्तूंना आकडे दिलेले होते आणि त्याच आकड्यांसमोर त्यांची नावे होती. शब्द कळावा म्हणून चित्र, ही त्यामागील दृष्टी. आणि बालशिक्षणाच्या पहिल्या पायरीवर ती यथार्थही आहे. परंतु इतिहासाच्या प्रांतात ती अपुरी पडते. तेथील चित्र केवळ वस्तू दाखवीत नाही; कोणीतरी कोणासाठी तरी केलेले ते एक विधान असते. तेव्हा या साक्षीदाराचीच उलटतपासणी घेण्यास अकरा-बारा वर्षांच्या मुलाला शिकविता येईल काय?

या प्रश्नाचे महत्त्व मराठी वाचकास निराळे सांगावयास नको. इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून आपल्याकडे प्रचारात होते. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचे अस्सल चित्र पुढे आणले, तेव्हा कोठे हा भ्रम दूर झाला. चित्राखाली छापलेले नाव हाच पुरावा, असे समजण्याची सवय केवळ मुलांनाच असते असे नव्हे.

दिल्लीत १९६१ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. रोमिला थापर यांची सहावी-सातवीची इतिहासाची पुस्तके तिने त्याच दशकात काढली. पण चित्रवाचनाचा प्रयोग पुढे झाला, तो २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर. नीलाद्री भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली २००६ ते २००८ या काळात सहावी, सातवी व आठवीसाठी जी पुस्तके निघाली (हिंदीत त्यांचे नाव ‘हमारे अतीत’), ती २०२४ व २०२५ मध्ये नवी पुस्तके येईपर्यंत वर्गांत होती. एवढ्या दीर्घ काळाच्या प्रयोगाची समीक्षा व्हावयास हवी होती. वाद पुष्कळ झाले, समीक्षा थोडी झाली.

सातवीच्या पुस्तकाचा आरंभच दोन नकाशांनी होत असे. पहिला अल्-इद्रिसीचा. सिसिलीच्या राजाच्या आश्रयाने या अरब भूगोलज्ञाने ११५४ साली केलेल्या जगाच्या नकाशातील हा भाग. त्यात दक्षिण वर आहे; लंका माथ्यावर आणि कनौज खाली. दुसरा नकाशा गियोम द लील या फ्रेंच नकाशाकाराचा, अठराव्या शतकाच्या आरंभीचा. आपल्या ओळखीचा, किनारपट्टीच्या तपशिलांनी भरलेला, कारण युरोपीय खलाशी व व्यापारी तो वापरीत. पहिला नकाशा पाहून मूल प्रथम म्हणणार की, हा उलटा छापला आहे. मग त्याला कळते की वर उत्तर असणे हा निसर्गनियम नव्हे, संकेत आहे. माझ्या मते या पुस्तकांतील सर्वोत्तम धडा हाच. कारण येथे शोध मुलाचा स्वतःचा आहे.

आठवीच्या पहिल्या पाठात रेनेलच्या १७८२ च्या नकाशाचे मुखचित्र होते. ब्राह्मण आपली शास्त्रे ब्रिटानियाच्या हाती स्वखुशीने सोपवीत आहेत, असा त्याचा देखावा. चित्रातून साम्राज्यवादी दृष्टी कशी प्रकट होते ते लिहा, असा प्रश्न मुलांना विचारला होता. प्रश्न मार्मिक खरा. पण चित्राखालच्या टिपेने त्याचे उत्तर आधीच देऊन टाकले होते! मुलाने पाहण्यापूर्वीच पुस्तकाने पाहून घेतले, मग मुलाच्या हाती उरली ती नक्कल.

त्याहून सरस उदाहरण १७६५ च्या दिवाणीचे. बेंजामिन वेस्टच्या चित्रात बादशहा क्लाइव्हला सनद देतो तो प्रसंग भव्य दरबारात घडतो; प्रत्यक्षात तो बहुधा क्लाइव्हच्या तंबूत, मोजक्या माणसांसमोर घडला, हे पुस्तकाने नमूद केले होते. वेस्ट हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. तंबूचा दरबार का झाला, हा प्रश्न मग मुलाला आपोआपच पडावा.

या पद्धतीची खरी कसोटी मात्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकावरून लागली. शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र त्यात होते : संविधानरूपी गोगलगायीवर डॉ. आंबेडकर बसलेले, मागे हाती चाबूक घेतलेले नेहरू. २०१२ च्या मे महिन्यात संसदेत त्यावरून गदारोळ झाला. सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी सल्लागारपद सोडले, आणि पळशीकरांच्या पुण्यातील कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे सुखदेव थोरात यांच्या समितीने अनेक व्यंगचित्रे गाळण्याची शिफारस केली, एम. एस. एस. पांडियन यांनी भिन्नमत नोंदविले.

मोडतोडीचे समर्थन कोणीही करणार नाही. तथापि आक्षेप घेणाऱ्यांना चित्र वाचताच येत नव्हते, हा त्यावेळचा काही विद्वानांचा सूर मला मान्य नाही. घटनानिर्मितीची संथ गती हा व्यंगचित्राचा विषय, हे खरे. पण ज्यांच्या पूर्वजांच्या पाठीवर चाबूक प्रत्यक्ष ओढले गेले, त्यांना तो केवळ घाईचे रूपक कसा वाटावा? चित्र कोणी काढले, कोणासाठी काढले, हे दोन प्रश्न दिल्लीच्या पुस्तकांनी मुलांना नीट शिकविले. ते कोण पाहतो आहे, हा तिसरा प्रश्न त्यांच्या स्वाध्यायांत अभावानेच आला. आणि म्हणूनच २०१२ साली तो वर्गात न विचारला जाता संसदेत विचारला गेला.