खाण, चुना आणि टाको

यवतमाळ जिल्ह्यात राजूरचं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जातं, कोळसा आणि चुना. वणीच्या शेजारचं हे गाव, बाहेरच्यांना ‘राजूर कॉलरी’ म्हटल्यावरच कळतं. कोळसा इंग्रजांच्या काळापासूनचा. १९७३ साली खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढे इथला कारभार वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे आला. चुनखडीही याच भागातली. ती भाजायला कोळसा लागतो आणि कोळसा तर दाराशीच, म्हणून चुनाभट्ट्या इथं टिकल्या.

मेक्सिकोच्या टाकोची कुळकथा सांगायला मी राजूरहून निघालो आहे, ते उगाच नाही. टाकोचं मूळ शोधत गेलं की याच दोन गोष्टींशी येऊन थांबावं लागतं: खाण आणि चुना. खिमा, मसाल्याचं पाकीट, किसलेलं चीज, वरची कोबीसारखी पानं, ही सगळी फार उशिराची सोयरीक.

आपल्याकडे टाको आला तो अमेरिकेहून. टाको बेलचं भारतातलं पहिलं दुकान २०१० मध्ये बंगळुरूला उघडलं. त्यामुळे टाको म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कडक, पिवळी, मधोमध दुमडलेली पुरी येते आणि तिच्यात मसालेदार खिमा. मेक्सिकोतल्या म्हाताऱ्या बाईला ही पुरी दाखवली तर ती ओळखेल, पण घरची म्हणून जवळ करेलच असं नाही. तिचा टाको म्हणजे तव्यावरून उतरलेली मऊ, हातभर नव्हे तर तळहाताएवढी मक्याची भाकरी. जे काही शिजवलेलं असेल ते तिच्यात घालायचं, दुमडायचं आणि उभ्या उभ्या खायचं.

या दुमडीला टाको हे नाव कसं पडलं? अमेरिकी इतिहासकार जेफ्री पिल्चर यांनी मेक्सिकोच्या खाद्यसंस्कृतीवर आयुष्यभर काम केलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की हे नाव अठराव्या शतकातल्या मेक्सिकोच्या चांदीच्या खाणींतून आलं. खडकात भोक पाडायचं, कागदात गुंडाळलेली सुरुंगाची दारू त्यात ठासायची आणि बत्ती द्यायची. त्या गुंडाळीला खाणकामगार टाको म्हणत. डब्यातली तिखट रश्शात भिजलेली गुंडाळीही दिसायला तशीच आणि पोटात गेल्यावर जाळ करायलाही तशीच. मेक्सिकोत टाकोचे जे जुने प्रकार नावानिशी सापडतात, त्यांत ‘खाणकामगारांचे टाको’ हा एक आहे. सगळे अभ्यासक ही व्युत्पत्ती मानत नाहीत, पण ज्यानं खाणीची पाळी संपवून येणारी माणसं पाहिली आहेत त्याला ती पटायला जड जात नाही. जमिनीखाली ताट-वाटी चालत नाही. जे एका हातात मावतं, गार झालं तरी खाता येतं आणि रस्सा सांडत नाही, तेच खाणीत टिकतं. आपल्याकडे ते काम भाकरी-ठेच्यानं केलं.

यातली एक गंमत सांगून पुढे जातो. १८२० च्या दशकात इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातले खाणकामगार मेक्सिकोच्या रेआल देल मोंते इथल्या चांदीच्या खाणीत आले. त्यांचा डबा म्हणजे मांस-बटाटा भरलेली भाजकी करंजी, पेस्टी. ती तिथंच राहिली. आज त्या गावात ‘पास्ते’ नावानं ती मिरची भरून विकली जाते. खाणी बंद पडतात, कंपन्या बदलतात, पण डबा मागे राहतो.

आता चुना. टाकोच्या कथेतलं खरं मोठं प्रकरण हेच आहे, आणि टाको खाणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना ते ठाऊक नसतं.

मका मेक्सिकोतला. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी तेओसिंते नावाच्या रानगवतापासून तो घडवला. वाळलेल्या मक्याचं साल कडक, आणि नुसतं दळून त्याचं पीठ केलं तर ते चिकटत नाही. भाकरी थापायला घेतली की कडा फाटतात. गव्हासारखा चिकटपणा त्यात नाही. तिथल्या बायकांनी यावर जो तोडगा काढला, तो किमान ३,००० वर्षं जुना आहे. कोरडा मका चुन्याच्या किंवा लाकडाच्या राखेच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर त्याच पाण्यात ठेवायचा आणि सकाळी चोळून धुवायचा. साल सुटून येतं, दाणा फुगून मऊ होतो आणि त्याला एक वेगळाच, ओल्या मातीच्या जवळ जाणारा वास येतो. मग तो पाट्यावर वाटायचा. त्यांचा पाटा तीन पायांचा, उतरता, दगडी. वरवंटा दोन्ही हातांनी धरायचा. चुन्यानं सालातला चिकट भाग विरघळतो आणि त्यामुळेच वाटलेला गोळा थापता येतो. अशा मक्याला ते निश्तामाल म्हणतात. चुना नसता तर ती मऊ भाकरी नसती, आणि भाकरी नसती तर टाको नसता.

पण हे झालं थापण्यापुरतं. चुना आणखी एक काम करत होता, आणि ते कळायला जगाला विसावं शतक उजाडावं लागलं. मक्यातलं नायसिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, दाण्यात अशा रीतीनं बांधलेलं असतं की आपल्या आतड्याला ते घेता येत नाही. चुन्याच्या पाण्यात ते सुटं होतं. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, बी नेलं, पीक नेलं. चुन्याचं पाणी मात्र नेलं नाही. स्वयंपाकघरातल्या बायकांची रीत कुणी लिहून घेण्यालायक मानली नसावी. परिणाम भयंकर झाला. १७३५ मध्ये स्पेनच्या अस्तुरियास भागात गास्पार कासाल या वैद्यानं मका खाणाऱ्या गरिबांच्या अंगावर एक विचित्र रोग नोंदवला. इटलीत त्याला पेलाग्रा नाव पडलं. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट खवले, जुलाब, मग भ्रम आणि शेवटी मृत्यू. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत अमेरिकेच्या दक्षिण भागात या रोगानं सुमारे १ लाख माणसं नेली. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरनं हा संसर्ग नसून आहारातली उणीव आहे हे १९१५ च्या सुमारास दाखवून दिलं, तरी पुष्कळांनी त्यांचं ऐकलं नाही. त्याच काळात मेक्सिकोत मक्यावरच जगणारा गरीब या रोगापासून बराचसा वाचलेला होता.

हा रोग आपल्यापासून फार लांबचा नाही. वणीहून दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागतं. तिथं, हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत, सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा पाहिला आणि १९६० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यावर लिहिलं. ज्वारीतल्या ल्युसीन या घटकाकडे त्यांनी बोट दाखवलं. कारण मक्यापेक्षा वेगळं, पण धडा तोच: एकाच धान्यावर माणूस जगवायचा तर त्या धान्याची रीतही सोबत लागते. ज्वारीची गोष्ट इथं संपत नाही. होंडुरास आणि एल साल्वादोरमध्ये कोरड्या जमिनीवरचे शेतकरी ज्वारी पिकवतात, तिला माइसियो म्हणतात आणि मक्यासारखीच चुन्यात शिजवून तिची भाकरी करतात. आपली ज्वारी, त्यांचा चुना.

आपल्याला चुना परका नव्हता. गुऱ्हाळात रस साफ करायला चुन्याची निवळी टाकतात, कोहळ्याचा पेठा चुन्याच्या पाण्यात भिजवतात. विड्यात तो आहेच, आणि विदर्भात खर्ऱ्यामुळे तर तो रोज लाखो तोंडांत जातो. जी वस्तू तिकडे पिठात पडून माणसं जगवत होती, ती इकडे तंबाखूच्या संगतीला बसली. हे मला लागून राहिलं आहे, पण खर्ऱ्यावर इथं थांबलो तर टाको राहून जाईल.

मांसाकडे येऊ. गाय-बैल मेक्सिकोत नव्हतेच. ते सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी नेले. खाणकामगारांच्या टाकोत बटाटा, घेवडा, मिरचीची चटणी असायची, मांस असलंच तर थोडं. खिम्याचा टाको ही सीमेपलीकडची, अमेरिकेतली घडण. मेक्सिकोतून रेल्वे, खाणी आणि मळ्यांवर काम करायला गेलेल्या माणसांना तिथं गोमांस स्वस्त मिळालं, दळलेलं तर आणखी स्वस्त. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोमध्ये १९३७ साली मित्ला कॅफे सुरू झालं. तिथला तळलेला खिम्याचा टाको समोरच्या बाजूला टपरी चालवणाऱ्या ग्लेन बेलला भावला. त्यानं रीत उचलली, आधीच तळून ठेवलेल्या कडक पुऱ्या वापरून वेळ वाचवला आणि १९६२ मध्ये डाउनीमध्ये टाको बेल उघडलं. मित्ला कॅफे आजही सुरू आहे, हे बरं. कडक पुरी तळण्याच्या साच्याचं पेटंट मात्र बेलचं नव्हे. १९५० मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये हॉटेल चालवणाऱ्या हुवेन्सियो माल्दोनादो या मेक्सिकन माणसाला मिळालं होतं.

मसाल्याचं पाकीटही टेक्सासचं. तिथं न्यू ब्राउनफेल्समध्ये विल्यम गेबहार्ट या जर्मन माणसानं १८९० च्या दशकात वाळलेली मिरची, जिरं, लसूण आणि ओरेगानो एकत्र दळून बाटलीत भरायला सुरुवात केली. आजचं टाकोचं पाकीट त्याचंच वंशज. त्यातलं जिरं, धणे, लसूण, कांदा हे सगळं स्पॅनिशांबरोबर अटलांटिक ओलांडून गेलेलं. मिरची, टोमॅटो आणि मका मात्र तिकडून निघाले. आपल्याकडे मिरची पोर्तुगीजांच्या गलबतातून गोव्यात उतरली आणि विदर्भापर्यंत पोचता पोचता तिनं भिवापुरी होऊन गावाचं नाव लावलं. तेव्हा टाको मसाल्याचं महागडं पाकीट मागवणाऱ्यानं जरा डब्यात बघावं. ओरेगानो सोडला तर सगळं घरात आहे, आणि ओरेगानोच्या जागी चिमूटभर ओवा चालतो.

मांसाबद्दल कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६ च्या कायद्यानं बंदी होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस आणि रेडा या बंदीत नाहीत. त्यामुळे इथं ‘बीफ टाको’ म्हणजे बाजारात ज्याला बड्याचं म्हणतात त्या म्हशीच्या मांसाचा खिमा, नाहीतर बोकडाचा. हे मांस कुणाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिजत आलं आणि कुणी त्याचं नावही काढलं नाही, याची एक वेगळी कुळकथा आहे. शाहू पाटोळे यांनी ती ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मांडली आहे. त्यात मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, चान्या, येतात. मेक्सिकोत अशाच पट्ट्यांना सेसिना म्हणतात आणि तीही टाकोत जाते. तिकडे तिची पाटी दुकानावर लागते.

घरी करायचं तर असं. अर्धा किलो खिमा पसरट कढईत, दोन खेपांत, मोठ्या आचेवर परता. एकदम टाकला तर पाणी सुटून तो उकडतो. म्हशीच्या खिम्यात चरबी कमी असते, म्हणून दोन चमचे तेल घाला आणि वेळही थोडा जास्त द्या. खिमा तपकिरी झाला की एक बारीक कांदा, सहा पाकळ्या लसूण, दोन चमचे तिखट, दीड चमचा जिरेपूड, एक चमचा धणेपूड, ओवा, मीठ आणि एक टोमॅटो. शेवटी चमचाभर मक्याचं पीठ अर्ध्या वाटी पाण्यात कालवून ओता. खिम्याला अंगचा दाटपणा येतो. गरम मसाला घालू नका. लवंग-दालचिनी पडली की तो खिमा-पाव होतो. चांगला होतो, पण टाको राहत नाही. वरून कांदा, कोथिंबीर, लिंबू.

भाकरीसाठी एक किलो वाळलेला मका, तीन लिटर पाणी, १० ग्रॅम चुना. स्टीलच्या पातेल्यात पाऊण तास मंद उकळा, रात्रभर झाकून ठेवा, सकाळी चार-पाच पाण्यांनी चोळून धुवा आणि पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये अगदी कमी पाण्यात वाटा. ॲल्युमिनियमचं भांडं वापरू नका, चुना त्याला खातो. लाडूएवढा गोळा दोन प्लॅस्टिकच्या कागदांत दाबा, तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर भाजा आणि फडक्यात गुंडाळून ठेवा. कडकच हवी असेल तर दुमडून तळा, पण आधी एक मऊ खाऊन बघा. पाकिटातल्या पुरीत हा वास नसतो.

आणि राजूरकरांनो, चुना दाराशी आहे म्हणून भट्टीवरची कळी उचलून आणू नका. ती बांधकामाची असते, तिच्यात राख आणि खडे असतात, आणि पाण्यात टाकली की ती उकळून अंगावर उडते. पानठेल्यावर खायचा साधा, बिनवासाचा चुना मिळतो, तो घ्या.