प्रवासी वाहतूक अनुदान : आदिलाबाद जिल्हा

तिकिटाच्या उत्पन्नात न भागणारी बस वा विमानसेवा चालू राहावी, किंवा ठरावीक प्रवाशांना ती परवडावी, म्हणून सरकारने मोजलेला पैसा. हे दोन वेगळे हेतू एकाच शब्दात गुंडाळले जातात. तेलंगणाच्या उत्तर टोकाच्या या जिल्ह्यात, जिथे पैनगंगेच्या अलीकडेही मराठी बोलली जाते, त्यांतला फरक चटकन नजरेत भरतो. हा मुलूख निजामाच्या राज्यातला. त्या राज्याने रेल्वे खात्यामार्फत 1932 मध्ये 27 गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. आजची आरटीसी, म्हणजे तेलंगणाचे रस्ते वाहतूक महामंडळ, तिचीच वारस.

9 डिसेंबर 2023 पासून महालक्ष्मी योजनेखाली तेलंगणातील महिलांना पल्लेवेलुगु (साध्या ग्रामीण) आणि एक्स्प्रेस गाड्यांत मोफत प्रवास मिळतो. वाहक ओळखपत्रावरचा पत्ता बघतो आणि शून्य रकमेचे तिकीट हातावर ठेवतो. पैसे द्यायचे नसले तरी तिकीट घ्यावेच लागते, कारण त्याच तिकिटांच्या हिशेबाने सरकार महामंडळाला भरपाई देते. म्हणजे अनुदान जाते तिकिटाला, फेरीला नव्हे. उटनूर, नारनूरकडच्या एखाद्या गुड्याला, म्हणजे आदिवासी पाड्याला, गाडीच जात नसेल, तर तिथल्या बाईच्या वाट्याला हक्क येतो, प्रवास येत नाही. यावर आक्षेप असा की गर्दी वाढली की फेऱ्याही वाढतील. मोठ्या रस्त्यांवर ते पटते. पण भारमान पाहून गाड्या लावायच्या म्हटल्या, तर विरळ वस्तीचा नंबर शेवटीच लागणार. बाजाराला, दवाखान्याला निघालेल्या बाईची तिकिटाची रक्कम वाचते, हा लाभ खराच. तो काढून घ्या असे कोणी म्हणू नये. त्याच्या जोडीला तोट्यातल्या फेरीचे किलोमीटरमागे पैसे स्वतंत्र द्यावेत, एवढाच मुद्दा आहे.

फेरीला पैसे दिले की सेवा टिकतेच, असेही नाही. केंद्राची ‘उडान’ योजना विमानमार्गालाच तीन वर्षे तूटभरपाई देते. नांदेड–हैदराबाद विमान 27 एप्रिल 2017 रोजी, योजनेतल्या उड्डाणांच्या पहिल्याच दिवशी, सुरू झाले. पुढे ते चालवणारी कंपनीच बंद पडली. महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालानुसार बोलीच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 371 सुरू झाले, 112 नी तीन वर्षे पुरी केली आणि त्यानंतर मार्च 2023 पर्यंत तगले अवघे 54. आदिलाबादच्या जुन्या धावपट्टीवर नागरी विमाने उतरवण्यास हवाई दलाने 2025 मध्ये संमती दिल्यावर जी आशा पालवली, तिच्याशेजारी हा आकडा मांडून ठेवावा. बस मात्र तीन वर्षांत स्वतःच्या पायावर उभी राहावी अशी अटच नको. शाळेवर कोणी ती घालत नाही.

हद्दीचा पेच निराळा. महाराष्ट्रातल्या पांढरकवड्याला जाणाऱ्या आरटीसीत शून्य तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, पुढच्या टप्प्याचे पैसे मोजावे लागतात. मार्च 2023 पासूनची महाराष्ट्र एसटीची महिलांसाठीची अर्ध्या तिकिटाची सवलतही आपल्या हद्दीतच थांबते. एका राज्याचा कर दुसऱ्याच्या रस्त्यावर का उधळावा, हा प्रश्न रास्त आहे. पण एकमेकांच्या गाड्यांनी किती फेऱ्या, किती किलोमीटर धावायचे हे दोन्ही राज्ये आंतरराज्य कराराने ठरवतातच. सवलतीची वजावटही त्याच करारात बसू शकते.