आकाशातील शिदोरी

विमानात बसले की थोड्याच वेळात समोर खाण्याचे तबक येणार, आणि त्याचे पैसे कोणी मागणार नाही, ही समजूत एका संपूर्ण पिढीच्या मनात घट्ट रुजली होती. आता लहान पल्ल्याच्या प्रवासात बहुधा ते तबक येत नाही. येते ती ढकलगाडी, आणि तिच्याबरोबर दरपत्रक. जुनी माणसे हळहळतात व म्हणतात, पूर्वी हे सारे फुकट होते. परंतु इतिहासाची पाने थोडी मागे उलटली, तर आरंभी ते फुकट नव्हतेच, असे आढळून येते.

विमानात प्रवाशांना खाद्यपदार्थ देण्याची पहिली नोंद ११ ऑक्टोबर १९१९ ची मानली जाते. पहिले महायुद्ध संपून वर्षही झाले नव्हते. हँडली पेज कंपनीने आपली बाँबफेकी विमाने प्रवाशांसाठी फिरवून घेतली होती आणि ती लंडन-पॅरिस मार्गावर सोडली होती. त्या प्रवासात बांधून आणलेली शिदोरी प्रवाशाला मिळे, पण तिच्यासाठी तीन शिलिंग मोजावे लागत. पुढे १९२७ मध्ये इंपीरियल एअरवेजने त्याच मार्गावर ‘सिल्व्हर विंग’ नावाची थाटाची सेवा सुरू केली व प्रवाशांच्या तैनातीस विमानात वाढपी नेमला. अमेरिकेत मे १९३० मध्ये एलन चर्च ही पहिली हवाई सेविका कामावर रुजू झाली. ती शिक्षणाने परिचारिका होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या काळी विमाने कमी उंचीवरून, हेलकावे खात जात. प्रवाशाला भूक लागण्यापेक्षा मळमळण्याचा संभव अधिक. त्याच्या हाती दिलेला खाऊ हा पाहुणचार जितका होता, तितकाच त्याचे भय घालविण्याचा उपायही होता.

मग हा खाऊ फुकट कसा झाला? याचे उत्तर स्वयंपाकघरात नसून सरकारी कचेरीत आहे. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने नागरी विमान वाहतुकीचे नियमन एका मंडळाकडे सोपविण्यात आले. कोणत्या कंपनीने कोणत्या मार्गावर जावे आणि तिकिटाला किती दाम घ्यावा, हे ते मंडळ ठरवी. आंतरराष्ट्रीय मार्गांवर हेच काम कंपन्यांची आपली संघटना, म्हणजे ‘आयाटा’, करीत असे. दाम सर्वांचा एकच. मग गिऱ्हाईक आपल्याकडे वळवायचे कसे? ज्या दुकानदाराला भाव उतरविण्याची मुभा नाही तो मापात थोडे जास्त घालतो, तसे या कंपन्यांनी केले. गरम जेवण आले, चिनी मातीची भांडी आली, पुढे प्रचंड विमाने आली तेव्हा एका अमेरिकन कंपनीने त्यांच्यात पियानोसुद्धा बसविला. हे सारे ‘विनामूल्य’ होते, एवढ्याच अर्थाने की त्याचे मूल्य तिकिटात आधीच वसूल झालेले असे.

या चढाओढीतून १९५८ साली एक गमतीचा तंटा उद्भवला. त्या वर्षी अटलांटिक महासागरावरील मार्गांवर ‘इकॉनॉमी’ हा स्वस्त वर्ग सुरू झाला आणि त्या वर्गात फक्त साधे, थंड व कमी खर्चाचे सँडविच द्यावे असे ठरले. स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीने सँडविचच दिले. मात्र ते त्यांच्या देशी पद्धतीचे, म्हणजे पावाच्या एका कापावर भरपूर ऐवज रचलेले, उघडे. अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीने तक्रार केली की हे सँडविच नव्हे, हे तर जेवण! आणि मोठमोठ्या पदांवरील माणसे सँडविच कशाला म्हणावे याचा खल करीत बसली. निकाल पॅन अ‍ॅमच्या बाजूने लागला. पाववाल्याच्या दुकानातल्या कोणाही पोराने हा निवाडा चहा निवण्याच्या आत केला असता, हे वेगळे सांगावयास नको.

हे जग २४ ऑक्टोबर १९७८ रोजी बदलले. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर सही केली आणि अमेरिकेत तिकिटांचे दाम मोकळे होऊ लागले. त्याची चुणूक आधीच मिळालेली होती. साउथवेस्ट कंपनी १९७१ पासून केवळ टेक्सास राज्याच्या हद्दीत उडत असे; म्हणून केंद्रीय मंडळाचे दर तिला लागू नव्हते. तिने भाडे उतरविले आणि खाण्याच्या जागी शेंगदाण्यांची पुडी हाती ठेवली. लोकांनी पुडी आनंदाने घेतली. लोकांना हवे होते काय, जेवण की स्वस्त प्रवास, याचा कौल तेथेच मिळाला होता.

एकदा भाव हेच शस्त्र ठरल्यावर तबकातील एकेक वस्तू तराजूत घातली जाऊ लागली. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी कोशिंबिरीतील एक ऑलिव्ह काढून वर्षाला सुमारे ४० हजार डॉलर वाचविले, ही १९८७ ची कथा व्यवस्थापनाच्या वर्गांत आजही सांगितली जाते. २००५ मध्ये नॉर्थवेस्ट कंपनीने देशांतर्गत प्रवासातील प्रेट्झेलची पुडीही बंद केली. बचत वर्षाला सुमारे २० लाख डॉलर. एका प्रवाशामागे पाहिले तर चिल्लर, पण लाखोंनी गुणले की घसघशीत रक्कम.

लहान पल्ल्यावर कुऱ्हाड आधी का पडली, याचे कारण घड्याळात आहे. तासाभराच्या उड्डाणात चढणे आणि उतरणे यांतच बराचसा वेळ जातो. उरलेल्या अर्ध्या तासात दीडशे माणसांना वाढायचे आणि उष्टे उचलायचे. शिवाय विमान जमिनीवर उभे असते तेव्हा काहीच कमावीत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत ते पुन्हा उडवायचे तर सांडलेला भात आणि पावाचा चुरा झाडायला सवड कोठून आणायची? भट्ट्या काढल्या की वजन घटते, इंधन वाचते, आणि त्या जागी आसनांची एखादी ओळ अधिक बसते. मला वाटते, या हिशेबाला दोष देता येत नाही.

मात्र पाण्याची गोष्ट वेगळी. ऑगस्ट २००८ मध्ये यूएस एअरवेजने पिण्याच्या पाण्यालाही दोन डॉलर आकारण्यास प्रारंभ केला. अन्य मोठ्या कंपन्या तिच्यामागे गेल्या नाहीत, प्रवासी संतापले, आणि मार्च २००९ मध्ये तिला तो नियम मागे घ्यावा लागला. दारी आलेल्याला आधी तांब्याभर पाणी पुढे करणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही.

आपल्या देशात हीच कथा थोड्या उशिरा घडली. १९५३ मध्ये विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि देशांतर्गत प्रवास इंडियन एअरलाइन्सच्या हाती गेला. १९९० नंतरच्या दशकात खाजगी कंपन्या आल्या. त्यांनी प्रथम जेवणाच्या थाटावरच स्पर्धा केली. ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने मात्र स्वस्त तिकीट पुढे केले आणि खाणेपिणे विकत ठेवले. पुढे २००६ मध्ये आलेल्या इंडिगोनेही तोच मार्ग धरला व देशातील सर्वांत मोठी कंपनी होऊन दाखविले. ज्या घरांतून पूर्वी कोणी विमानाची पायरी चढले नव्हते, तेथील आजी नातवंडांना भेटायला विमानाने जाऊ लागली. ती पिशवीतून घरचा डबा नेते आणि तिला ढकलगाडीची वाण भासत नाही. तबक गेल्याने तिचे काही गेले, असे म्हणवत नाही. साथीच्या काळात तर सरकारनेच १५ एप्रिल २०२१ पासून दोन तासांहून कमी अवधीच्या देशांतर्गत उड्डाणांत जेवण देण्यास मनाई केली. ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये उठली.

आतापर्यंत प्रवासी आणि कंपनी यांचाच विचार झाला. ते तबक भरणारे हात या चर्चेत सहसा कोणाला दिसत नाहीत. वसई-मुंबईच्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले-मुली विमानकंपन्यांत आणि विमानतळांवर नोकरी करतात, म्हणून तरी आपण तिकडे पाहावयास हवे.

ब्रिटिश एअरवेजने १९९७ मध्ये हीथ्रो येथील आपली स्वयंपाकघरे गेट गुर्मे या कंपनीला विकली. विमानकंपन्या खाण्यावरचा खर्च छाटू लागल्या, तसतशी ही कंपनी तोट्यात गेली, आणि तो भार अखेर भट्टीपाशी उभ्या असलेल्या कामगारांवर आला. त्यांत साउथॉल भागातील पंजाबी स्त्रियांचा भरणा मोठा होता. १० ऑगस्ट २००५ रोजी, कामगार कपातीची टांगती तलवार डोक्यावर असतानाच, बाहेरून हंगामी माणसे आणल्याचे कळले आणि कामगार उपाहारगृहात जमले. कामावर परतण्याचा इशारा त्यांना देण्यात आला. बाहेर असलेल्यांना ध्वनिवर्धकावरून सांगण्यात आले की तुमची नोकरी संपली. सुमारे ६७० जण एका दिवसात बेकार झाले. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश एअरवेजचे सामान चढविणारे कामगार काम टाकून बाहेर पडले. त्यांतले काही जण त्या स्त्रियांचे नातलगच होते. सहानुभूतीचा संप तेथील कायद्याला मान्य नाही, तरीही ते बाहेर पडले. हीथ्रोवरून त्या कंपनीची विमाने एक दिवसाहून अधिक काळ उडू शकली नाहीत आणि एक लाखाहून अधिक प्रवासी अडकून पडले.

सप्टेंबरच्या अखेरीस तडजोड झाली. काहींना परत घेतले गेले, काहींनी नुकसानभरपाई स्वीकारली, आणि काहींना कोणी बोलावलेच नाही. चार वर्षांनी, २००९ मध्ये, ब्रिटिश एअरवेजने लहान पल्ल्यावरील जेवणे आणखी कमी केली, आणि ११ जानेवारी २०१७ पासून त्या मार्गांच्या इकॉनॉमी वर्गात खाणे विकत द्यावयास आरंभ केला. साथीनंतर तेथे पाण्याची बाटली आणि लहानसा खाऊ पुन्हा फुकट मिळू लागला. साउथॉलच्या ज्या स्त्रियांना २००५ मध्ये परत बोलावणे आले नाही, त्यांच्यापैकी काही जणी त्यानंतरही कित्येक महिने विमानतळाजवळ निदर्शने करीत राहिल्या.