बुडाचा शेवटचा पाशा

उस्मानी सुलतानांच्या लष्कराला हिवाळा मानवत नसे. वसंतात फौज निघायची आणि नोव्हेंबर लागला की परतीला लागायची, असा त्यांचा शिरस्ता होता. घोडे, उंट आणि तोफा ओढणारे बैल यांना वाटेत चारा मिळायचा तो हिरव्या दिवसांतच. १५२९ साली सुलतान सुलेमान १० मे रोजी इस्तंबूलहून निघाला. त्या वर्षी पावसाने कहर केला, रस्त्यांचा चिखल झाला, मोठ्या तोफा मागे सोडाव्या लागल्या आणि व्हिएन्नाच्या तटाखाली पोहोचेपर्यंत सप्टेंबर संपत आला. तीन आठवड्यांच्या आत वेढा उठवावा लागला. परतताना फौजेला बर्फाने गाठले. आपल्याकडे या लढायांचे वर्णन करताना तलवारीचे फार कौतुक होते, बैलाच्या चाऱ्याचे नाव कुणी घेत नाही.

त्याच वाटेने आम्ही जानेवारीतल्या एका शनिवारी उलट्या दिशेने, म्हणजे व्हिएन्नाहून बुडापेस्टला गेलो. अंतर सुमारे २४० किलोमीटर, गाडीने अडीच तास. आमचे मामेभाऊ व्हिएन्नात नोकरीला आहेत, गाडी त्यांचीच. बर्फाच्या दिवसांत तिकडे हिवाळी टायर लावणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे भीती वाटली नाही. पारन्डॉर्फच्या माळावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग लागते आणि थोड्याच वेळात हंगेरी येते. डिसेंबर २००७ पासून या सीमेवरची नेहमीची तपासणी बंद झाली. ज्या सरहद्दीसाठी दीडशे वर्षे रक्त सांडले, ती ओलांडल्याचे आम्हाला पाट्यांवरची भाषा बदलली तेव्हा कळले.

मध्ये ग्यॉर नावाचे शहर लागते. तुर्क त्याला 'यानिक काले', म्हणजे जळका किल्ला म्हणत. १५९४ मध्ये त्यांनी ते घेतले आणि चारच वर्षांत गमावले. आम्ही तिथे फक्त चहापुरते थांबलो.

बुडा आणि पेस्ट ही डॅन्यूब नदीच्या दोन काठांवरची दोन शहरे, १८७३ मध्ये एक झाली. आपला विषय आहे टेकडीवरच्या बुडाचा. २९ ऑगस्ट १५२६ रोजी मोहाचच्या मैदानावर हंगेरीची फौज सुलेमानने चिरडली, तरुण राजा लायोश पळताना बुडून मेला. पुढे बुडाच्या गादीवर तान्हे मूल आले, हॅब्सबर्गांनी शहराला वेढा घातला, तेव्हा सुलेमान त्या मुलाचा पाठीराखा म्हणून आला. मोहाचला बरोबर पंधरा वर्षे झाली त्या दिवशी, २९ ऑगस्ट १५४१ रोजी, त्याने बाळाला आणि सरदारांना मानाने आपल्या छावणीत बोलावले. इकडे मेजवानी चालू असताना जानिसारी शिपाई शहर बघायला आल्यासारखे दोघे-चौघे करून वेशीतून आत शिरले. संध्याकाळपर्यंत बुडा तुर्कांचे झाले होते. मदतीला आलेला पाहुणा घर घेऊन बसला, याला दुसरा शब्द नाही. हे आम्ही मुद्दाम स्पष्ट लिहितो. उस्मानी म्हटले की आपल्यातल्या काहींची छाती उगाच फुगते, जणू तो सुलतान आपला आजा होता. त्या राजवटीत हजारो हंगेरियन माणसे गुलाम म्हणून विकली गेली आणि अनेक गावे ओस पडली, हेही त्याच इतिहासात आहे.

बुडावर १४५ वर्षे पाशांचा अंमल होता. टेकडीवरच्या मातियास चर्चची मशीद झाली. त्या काळातले आज उरले आहे ते फार थोडे: काही गरम पाण्याचे हमाम, एक तुर्बत, आणि पेस्टच्या काठावर एका जुन्या चर्चच्या भिंतीत राहिलेला मिहराब. रुदाश हमामच्या घुमटाखाली आठ खांब आणि आठ कोनांचा हौद आहे. साडेचारशे वर्षांपूर्वीचे हे बांधकाम आजही वापरात आहे. बाहेर बर्फ भुरभुरत असताना त्या वाफेत बसलेल्या म्हाताऱ्यांना हे पाणी कुणाच्या राजवटीतले, याची काही पडलेली दिसली नाही.

आम्हाला पाहायचा होता तो टेकडीच्या तटाजवळचा एक दगड. १६८६ च्या उन्हाळ्यात ख्रिस्ती राजांच्या संयुक्त फौजेने बुडाला वेढा घातला. किल्ल्यात होता सत्तरीचा अब्दुर्रहमान अब्दी पाशा, मूळचा अल्बेनियाचा. जुलैत दारूगोळ्याचे कोठार उडाले, तट फुटला. शरण येण्याचे निरोप त्याने परत पाठवले. २ सप्टेंबरला शत्रू आत घुसला, तेव्हा हा म्हातारा लढता लढता पडला. त्यानंतर शहरात जी कत्तल झाली, तीत मुसलमान मारले गेले, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून तट राखणारे बुडाचे यहुदीही मारले गेले.

तो पडला त्या जागेजवळ १९३२ मध्ये स्मारक उभारले गेले. वर पगडी कोरलेला, तुर्की कबरीवर असतो तसा दगड. मजकूर हंगेरियन आणि तुर्की अशा दोन भाषांत आहे. तो पाशाचे नाव आणि मृत्यूची तारीख सांगतो, आणि शेवटी म्हणतो की हा शूर शत्रू होता, त्याला शांती लाभो. हा दगड कुणी उभारला? त्याच दिवशी त्याच लढाईत पलीकडच्या बाजूने मारल्या गेलेल्या ज्यॉर्ज साबो या हंगेरियन सैनिकाच्या वंशजांनी. आम्ही तिथे उभे राहून फातिहा पढलो. दगडाच्या डोक्यावर चार बोटे बर्फ साचले होते.

प्रतापगडाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. १६५९ मध्ये अफझलखान मारला गेला आणि शिवाजी महाराजांनी त्याचे रीतसर दफन करवले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. शत्रू मेला की वैर संपले, ही रीत शिकायला आपल्याला युरोपात जायची गरज नव्हती. पण आज त्या कबरीभोवती बंदोबस्त असतो. बुडाच्या दगडापाशी आम्हाला एकही शिपाई दिसला नाही.

अर्थात हंगेरियन माणसाच्या मनातली तुर्कांबद्दलची अढी एका दगडाने गेली नाही, ती काळाने सैल झाली. हॅब्सबर्गांविरुद्ध बंड करून हरलेल्या राकोत्सीला आसरा मिळाला तो उस्मानी मुलखात. तो १७३५ मध्ये मारमाऱ्याच्या किनाऱ्यावरच वारला. १८४९ ची क्रांती चिरडली गेल्यावर कोशुतही तिकडेच गेला, आणि त्याला ताब्यात देण्याची मागणी सुलतान अब्दुल मजीदने मानली नाही. १८७७ मध्ये सुलतान अब्दुल हमीदने ३५ जुनी हस्तलिखिते बुडापेस्टच्या विद्यापीठाला परत पाठवली. त्यांत राजा मातियासच्या नामांकित ग्रंथालयातलेही ग्रंथ होते. शिक्षक म्हणून आम्हाला ही गोष्ट किल्ल्याच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते. १९१६ मध्ये हंगेरीने इस्लामला मान्यताप्राप्त धर्माचा दर्जा दिला. याच शहरातले प्राध्यापक ज्युला जर्मानुस १९२९ मध्ये रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून शांतिनिकेतनात शिकवायला आले, दिल्लीच्या जामा मशिदीत मुसलमान झाले आणि अब्दुल करीम हे नाव घेऊन बुडापेस्टला परतले. १९७९ मध्ये ते तिथेच वारले.

रविवारी सकाळी गुलबाबाच्या तुर्बतीवर गेलो. गुलाबांची टेकडी म्हणतात त्या भागात, दगडी फरसबंदीच्या उभ्या चढाच्या गल्लीने जावे लागते. चढ निसरडा झाला होता, भिंतीला धरूनच चढलो. गुलबाबा हे बेक्ताशी दरवेश, सुलेमानच्या फौजेबरोबर आले आणि १५४१ मध्ये इथेच वारले. १६८६ नंतर जेझुइट पाद्र्यांनी तुर्बतीचे प्रार्थनाघर केले. एकोणिसाव्या शतकात ही जमीन यानोश वाग्नर नावाच्या ख्रिस्ती मालकाकडे आली. त्याने तुर्बत पाडली नाही, उलट दूरदूरहून येणाऱ्या मुसलमान जायरिनांना दार उघडे ठेवले.

२०१८ च्या ऑक्टोबरात तुर्कस्तानच्या मदतीने झालेल्या जीर्णोद्धारानंतर, दोन्ही देशांच्या नेत्यांच्या हस्ते तुर्बतीचे उद्घाटन झाले. काम देखणे झाले आहे. पण ज्या हंगेरी सरकारने हे केले, त्यानेच २०१५ मध्ये निर्वासित येऊ नयेत म्हणून देशाच्या दक्षिण सीमेवर काटेरी तारांचे कुंपण घातले होते. पावणेपाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या दरवेशाला सलाम करणे सोपे असते, तो जागा मागत नाही.

परतताना भावाने हा रस्ता २०१५ मध्ये कसा होता ते सांगितले. त्या २७ ऑगस्टला पारन्डॉर्फजवळ, याच महामार्गाच्या कडेला, एक बंद शीतवाहन सोडून दिलेले सापडले. आत ७१ मृतदेह होते: ५९ पुरुष, ८ बायका, ४ मुले. इराक, सीरिया, अफगाणिस्तान, इराणकडची माणसे, हवेवाचून गुदमरलेली. आठवडाभराने, ४ सप्टेंबरला, बुडापेस्टच्या केलेती स्टेशनात अडकवून ठेवलेले शेकडो निर्वासित उठले आणि व्हिएन्नाच्या दिशेने पायी चालू लागले. कुणाच्या खांद्यावर मूल, कुणी कुबड्यांवर, बाजूने मोटारी जात होत्या. रस्त्याच्या कडेला काही हंगेरियन माणसे पाण्याच्या बाटल्या आणि खाण्याच्या पिशव्या घेऊन उभी राहिली होती.